नदीपलीकडची खूण

"त्या ड्रायव्हरची नोकरी गेलेली मला बघायची आहे," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. "त्यासाठी लागेल तो पुरावा मला मिळवून द्या."

सरळ मुद्द्यावर येणारी माणसं भावोजींना फार आवडत. उभी हयात विमा कंपनीत गेल्यामुळे दोष कुणाचा हे एकदा ठरलं, की त्यांना दोन घास जास्त जात. खरं तर ते भावोजी फक्त वहिनींचे. पण त्या तशी हाक मारत म्हणून हळूहळू साऱ्या गल्लीचेच भावोजी होऊन बसले होते. मोठे भाऊ गेल्यावर वहिनींनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं, तेव्हा गाडी चालवायला घरचं माणूस असावं म्हणून ते मदतीला आले आणि राहिलेच. गाडी ते चालवत. डोकं वहिनी चालवत.

"आधी पाणी घ्या," वहिनी म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगा."

पाण्याला हातही न लावता ती बोलू लागली. तिचे वडील मागच्या आठवड्यात घरीच गेले. आपल्यामागे डोळे दान व्हावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. ते काम सहा तासांच्या आत व्हावं लागतं, आणि नेत्रपेढी तर दूरच्या शहरात. तिच्या भावानं, दादानं, लगेच फोन केला. गाडीही लगेच निघाली.

"आणि पोचली कुठे? नदीपलीकडच्या ओसाड प्लॉटांत! तिथे शोधाशोध केली, मग पुलावरून वळसा घालून आले, तोवर वेळ संपली होती. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. ड्रायव्हर म्हणतो, मॅपनं नेलं तिथे मी गेलो. मी तक्रार केली, म्हणून सध्या त्याला कामावरून दूर ठेवलंय. नेत्रपेढीचे व्यवस्थापक म्हणतात, तो वाटेत टंगळमंगळ करत होता असं सिद्ध झालं तर कायमचा काढतो, नाहीतर परत घ्यावा लागेल."

"तुम्ही होतात तेव्हा घरी?"

"मी लांब राहते. संध्याकाळी पोचले." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "निदान दादा होता. बाबांचा हात त्याच्या हातात होता शेवटपर्यंत. तेवढंच माझं समाधान."

ती गेल्यावर भावोजी म्हणाले, "उघड आहे सगळं. एक तर ड्रायव्हर कामचुकार, नाहीतर फोन."

"दोघांनाही भेटू," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

ड्रायव्हरच्या शहरात शिरल्यावर फोननं भावोजींचा चांगलाच मामा केला. उड्डाणपुलाखालच्या रस्त्यानं जात असताना तो पुलावरून जात असल्यासारखा डावीकडे उतरायला सांगत होता. पुढे उंच इमारतींच्या गर्दीत त्यानं त्यांना सरळ शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवलं.

"बघितलंत? याच्या नादी लागून माणूस विहिरीत जायचा!"

"एकच गल्ली चुकली ना, भावोजी?"

"एक काय न् दहा काय!"

वहिनी उतरून चालू लागल्या.

ड्रायव्हर घरी नव्हता. त्याच्या म्हाताऱ्या आईनं दार उघडलं आणि अभिमानानं सांगितलं, "तो कामावर गेलाय. सकाळीच जातो." भावोजींनी तोंड उघडलं, पण वहिनींनी त्यांचा हात दाबला.

तो सापडला दोन चौक पलीकडे, एका बसथांब्यावर. अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, मांडीवर जेवणाचा डबा. बसेस येत होत्या, जात होत्या, आणि तो कुठल्याच बसमध्ये चढत नव्हता.

"आईला सांगितलं नाही अजून," त्यांच्याकडे न बघता तो म्हणाला. "कुठल्या तोंडानं सांगू?"

"त्या दिवशी काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"मी फोनवर पत्ता विचारला, तर त्या घरचे साहेब म्हणाले, पत्त्यात वेळ घालवू नका, लोकेशन पाठवतो. आलं लोकेशन. हे बघा, अजून आहे." त्यानं फोन पुढे केला. "तिथे घर नाही म्हटल्यावर मी सारखा फोन लावत होतो. पण एंगेज. नातेवाइकांचे येत असणार. नवीन वस्ती आहे, आत कुठेतरी घर असेल म्हणून एकेक प्लॉट बघितला. शेवटी फोन लागला, तेव्हा कळलं घर अलीकडच्या तीरावर आहे."

"म्हणजे डोळे मिटून मॅपच्या मागे गेलात!" भावोजी कडाडले. "कुणाला विचारायला जीभ नव्हती? तुमच्या आळसापायी दोन माणसांना दिसायचं राहून गेलं. लाज वाटली पाहिजे!"

"वाटते ना, साहेब," तो म्हणाला. "रोज वाटते."

थांब्यावरच्या दोन बायका वळून बघू लागल्या. त्यानं डबा पिशवीत घातला. आपण बरोबर तेच बोललो, असं मनाशी घोकत भावोजी गाडीत येऊन बसले. वहिनींनी पुलापर्यंत तोंड खिडकीकडेच ठेवलं.

ड्रायव्हरला आलेली लोकेशनची खूण फोनवर लावून ते नदीपलीकडे गेले. इकडे रस्ता मोकळा, आकाश मोकळं, आणि फोन शहाण्या मुलासारखा वागला. त्यानं बरोबर एका अर्धवट कंपाउंडाशी आणून "पोचलात" म्हणून सांगितलं. समोर नदी, मागे गवत माजलेले प्लॉट. एक गाडी नीट उभी राहील एवढी सपाट जागा, बाकी चिटपाखरू नाही.

"इथे कोण कशाला येईल?" भावोजींनी विचारलं.

"कुणी बघू नये असं वाटणारा," वहिनी म्हणाल्या. त्या नदीच्या दिशेनं बघत होत्या. पलीकडे इमारतींची रांग होती. त्यांनी हातानं ऊन अडवलं आणि त्यांतली एक गच्ची दाखवली. "भावोजी, ती पाण्याची निळी टाकी बघून ठेवा."

थोड्याच वेळात त्या निळ्या टाकीखाली, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दादा त्यांच्यासमोर बसला होता. त्याचं कापडाचं दुकान होतं. बोलणं मऊ, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"चूक फोनची आहे असं माझं मत आहे," तो म्हणाला. "पण त्या ड्रायव्हरनं तरी जरा डोकं वापरायचं ना! मी माझ्या बाजूनं पूर्ण काळजी घेतली होती. लोकेशन पाठवण्याआधी बघितलंसुद्धा, पाच मीटरपर्यंत अचूक असं लिहून आलं होतं. म्हणून तर बिनधास्त पाठवलं."

"कुठे बसून पाठवलंत?"

"कुठे म्हणजे? आत, बाबांच्या उशाशी. ते गेल्यावर अर्धा तास मी तिथून हललो नाही. पंखा पूर्ण वेगात होता, तरी मला घामाच्या धारा. तिथूनच सगळे फोन केले."

"एक करता? त्याच जागी बसून, त्याच फोनवरून, आमच्या भावोजींना लोकेशन पाठवा."

बाबांची खोली घराच्या पार आत होती. एकच लहान खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. दादा पलंगाच्या उशाशी बसला. भावोजींनी त्याच्या फोनमध्ये डोकावून मोठ्यानं वाचलं, "पस्तीस मीटरपर्यंत अचूक." मग त्यांच्या स्वतःच्या फोनवर खूण आली, ती समोरच्या किराणा दुकानाच्या डोक्यावर.

"घ्या!" भावोजी आनंदानं ओरडले. "आपण तिसऱ्या मजल्यावर घरात, आणि हा म्हणतो किराण्याच्या दुकानात! सुटला प्रश्न. फोनच दोषी."

दादानं सुटकेचा निःश्वास टाकला.

स्वयंपाकघरात, वडिलांची काळजी घ्यायला ठेवलेल्या मावशी भांडी पुसत होत्या. सहा महिने वडिलांची शुश्रूषा त्यांनीच केली होती. वहिनींनी त्यांना त्या सकाळबद्दल विचारलं.

"श्वास थांबला तसा आधी मी पंखा बंद केला," मावशी म्हणाल्या. "वाऱ्यानं डोळा सुकतो. मग पापण्या मिटल्या, वर ओला कापूस ठेवला, उशी उंच केली. त्यांनीच शिकवून ठेवलं होतं मला. रोज धडा घ्यायचे."

"आणि दादा काय करत होते?"

मावशींनी आधीच कोरडं झालेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं. "मी माझं काय ते सांगितलं, बाई."

वहिनींनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. तक्रार घेऊन आलेली लेकही आली होती, ती सोफ्याच्या टोकावर बसली, दादा तिच्या शेजारी, मावशी दारात. भावोजी मनात बिलाचा मजकूर जुळवत होते.

"तुम्हाला ड्रायव्हरविरुद्ध पुरावा हवा होता," वहिनी लेकीला म्हणाल्या. "तो नाही. आमचे भावोजी फोनला फासावर द्यायला निघालेत. पण फोनही दोषी नाही."

"अहो, पण किराण्याचं दुकान..." भावोजी म्हणाले.

"तेच सांगते. फोन चुकतो, नाही असं नाही. पूल आणि पुलाखालचा रस्ता नकाशावर एकावर एक येतात, तिथे त्याचा गोंधळ उडतो. उंच भिंतींत तो शेजारच्या गल्लीत नेतो. घरात बसलो तर समोरच्या दुकानात टाकतो. पण बघा, तो गल्ली चुकतो, गाव चुकत नाही. बंद खोलीतून तो रस्त्यापलीकडे गेला, नदीपलीकडे नाही."

भावोजी सहजासहजी हार मानणाऱ्यांतले नव्हते. "उपग्रह मिळाले नाहीत तर तो टॉवरवरून अंदाज बांधतो. तो अंदाज कोसभरही चुकू शकतो. मी वाचलंय."

"बरोबर वाचलंय. पण तेव्हा तो तसं कबूलही करतो. आकडा शेकड्यांत जातो. फोनला माणसासारखी अब्रूची काळजी नसते, आपल्याला किती माहीत नाही ते तो सांगून टाकतो. आता दादा काय म्हणाले? पाच मीटर. या आतल्या खोलीत तुम्ही स्वतः काय वाचलंत?"

"पस्तीस," भावोजी हळूच म्हणाले.

"पाच मीटर केव्हा येतात? डोक्यावर मोकळं आकाश असतं तेव्हा. म्हणजे लोकेशन पाठवणारा उघड्यावर होता. खूण जिथे पडली, ती जागा उघडी आहे. फोननं आपलं काम चोख केलं. माणूस होता तिथली खूण त्यानं पाठवली. माणूस जिथे असायला हवा होता तिथली नाही."

वहिनी मावशींकडे वळल्या.

"एवढ्यावर मी बोलले नसते. पण दादा म्हणाले, मी पंख्याखाली बसून फोन केले. मावशी म्हणतात, श्वास थांबल्याबरोबर मी पंखा बंद केला. डोळे द्यायचे असतील तर तो बंद करावाच लागतो. त्या खोलीत असलेल्या माणसाला हे दिसलं असतं. नसलेल्याला रोज फिरणारा पंखाच आठवणार."

"दादा?" लेक म्हणाली.

दादा आपल्या हातांकडे बघत होता.

"त्यांच्या श्वासाचा तो आवाज... रात्रभर ऐकला गं. पहाटे मला ऐकवेना. पाच मिनिटांत येतो म्हणून गाडी काढली. पलीकडून आपली गच्ची दिसते. वाटलं, इथून लक्ष ठेवतो. काय लक्ष ठेवणार होतो, कोण जाणे. मावशींचा फोन आला तेव्हा मी गाडीला टेकून उभा होतो. तिथूनच पेढीला फोन केला, लोकेशन पाठवलं, आणि घरी पळालो."

"कळलं कधी तुला?"

"ड्रायव्हरनं प्लॉटांचं नाव घेतलं तेव्हाच. पण तोवर तुला फोनवर सांगून बसलो होतो ना, की त्यांचा हात माझ्या हातात होता."

"मी त्या माणसाची तक्रार लिहिली," ती म्हणाली. "आणि तू शेजारी बसून मला शब्द सुचवत होतास, दादा."

त्यानं तोंड हातांत लपवलं. ती त्याच्यापासून दूर सरकली नाही, जवळही गेली नाही.

भावोजींना कुठे बघावं कळेना. बसथांब्यावर आपण काढलेला आवाज त्यांच्या कानांत वाजू लागला. आयुष्यभर इतरांचे दावे खोटे ठरवण्यात धन्यता मानली, आणि आज एका निर्दोष माणसाची चारचौघांत लाज काढून आलो. तो उलटून एक शब्द बोलला नाही. भावोजींचे कान तापले होते, आणि वहिनींनी आपल्याकडे बघू नये एवढंच त्यांना वाटत होतं. वहिनींनी बघितलं. "त्याच्याकडे उद्या नाही, आजच जायचं," त्या हलकेच म्हणाल्या. भावोजींनी मान डोलावली.

"मग बाबांजवळ कोण होतं?" लेकीनं विचारलं.

"मी होते," मावशी दारातूनच म्हणाल्या. "डोळे उघडायची ताकद नव्हती त्यांना. विचारलं, पोरगा आला का? मी म्हटलं, हा काय, बसलाय शेजारी. आणि माझा हात दिला त्यांच्या हातात. त्यांनी चाचपला. म्हणाले, किती खरखरीत झाला रे हात तुझा, दुकानात इतकं काम पडतं का. मग घट्ट धरून ठेवला."

दादाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मावशींनी पदरानं डोळे पुसले. "सांगणार नव्हते मी. पण त्या ड्रायव्हरच्या पोटावर पाय येतोय म्हटल्यावर..."

वहिनींनी टेबलावरचा फोन उचलून दादासमोर ठेवला. त्यांनी काही सांगायची गरज पडली नाही. दादानं नेत्रपेढीचा नंबर लावला. त्यानं फोन टेबलावरच ठेवून स्पीकर लावला. पलीकडे व्यवस्थापकांचा आवाज आला, मागे माणसांचा गलका.

"ड्रायव्हरची चूक नव्हती," दादा म्हणाला. "लोकेशन मी चुकीच्या जागेवरून पाठवलं. मी... मी तेव्हा घरी नव्हतो."

"हॅलो? काय म्हणालात? इथे फार आवाज आहे. कोण नव्हतं?"

दादानं बहिणीकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. जिन्यात शेजाऱ्यांची पावलं थांबल्याचं सगळ्यांनाच कळलं. भावोजी दार लावायला उठले, पण दादानं त्यांना हातानंच थांबवलं.

"हॅलो? जरा मोठ्यानं बोला!"

दादा उभा राहिला आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझे वडील गेले, तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हतो."