शेवट तेवढा राहिला

फ्रेंच सिनेमा सुरू झाला आणि पडद्याखालच्या इंग्रजी ओळीच गायब! कोल्हापुरातल्या त्या छोट्याशा सभागृहात सगळे चुळबुळायला लागले. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून कुजबुज आली, "ती म्हणत्या, येतोस का न्हाय सांग, न्हायतर मी चाललो!"

पॅरिसची बाई आम्हा कोल्हापूरच्या पोरींसारखं 'चाललो' म्हणत होती. मी खुदकन हसले.

"फ्रेंच येतं तुम्हाला?"

"कुठलं ओ! कागलला कंपनीत हाय मी. पण भांडण कुणाचं बी कळतंय की."

तो कृष्णात. पुढचा सगळा सिनेमा त्यानं मला कोल्हापुरीत ऐकवला. पण आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. शेवट व्हायच्या आधीच मला उठावं लागलं.

रविवारी तो रंकाळ्यावर दिसला. मी विचारलं, "शेवट काय झाला हो?"

"आज न्हाय सांगत. पुढच्या रविवारी या…"

असे किती रविवार गेले! मोबाइलवर सिनेमा सहज सापडला असता. पण मग भेटायला निमित्त काय उरलं असतं? तो माझ्याकडे बघायचा आणि मी उगाच पाण्याकडे. वेडी झाले होते मी, दुसरं काय!

मग हुपरीच्या अनेकांतचं स्थळ आलं. चांदीचा धंदा, आमच्यातलंच घर. अप्पांना माझा होकार हवा होता. त्या रविवारी मी कृष्णातला गाठलं.

"आज शेवट सांगच. ती दोघं एकत्र आली असतील, तर आजच घरी तुझं नाव सांगतो मी."

तो हळूच म्हणाला, "अप्पा परत बोलतील तुझ्याशी?"

"मी शेवट विचारलाय, कृष्णात."

"न्हाय आली एकत्र…" आता तो पाण्याकडे बघत होता. "ती दुसऱ्याबरोबर गेली. सुखात हाय."

मी रडत घरी आले आणि अप्पांना हो म्हणाले.

काल साखरपुडा झाला. आज अनेकांतच्या घरचे पैंजण पायात घालून मी तो सिनेमा मोबाइलवर लावला. शेवटी ती बाई चपला हातात घेऊन भर रस्त्यातून पळत आली… त्याच्या गळ्यात पडली… काहीतरी पुटपुटली. खालची इंग्रजी ओळ मला दिसलीच नाही, डोळे भरले होते. कानात फक्त कृष्णातचा आवाज होता — "आलो की रं…"

"आदिती, ताट वाढलंय! दिवस मावळायला आला बघ!" आई स्वयंपाकघरातून हाका मारत होती.

या वेळी मी उठले नाही. शेवटपर्यंत बसून राहिले.