काळ्या टोकाची डहाळी

“खाजवू नगंस म्हटलं तर ऐकायचं न्हाई. बाटलीभर खोबरेल संपलं माझं,” बाळाबाई न पेटलेल्या चुलीपाशी पुटपुटल्या. घरात सुतक होतं.

शेजारी बसलेल्या लीलाबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्या कराडच्या. फौजदार नवरा गेल्यावर त्याच्याकडे येणारी अडलेली माणसं त्यांच्याकडे येऊ लागली, आणि त्या खासगी तपास करू लागल्या. सोबतीला भाऊसो, पेन्शनीतले जमादार. पायांनी चपळ, डोक्यानं निवांत.

तीन दिवसांपूर्वी उंब्रजच्या या मळ्यामागं, डोंगरउतारावर, बाळाबाईंचा थोरला लालासाहेब पडलेला सापडला. डोकं चेचलेलं, एक डोळा जागेवर नाही. शेरडं चारण्यावरून त्याच्याशी भांडलेला धुळा धनगर गजाआड होता. “पोरगं फासावर जाईल,” म्हणत त्याची आई लीलाबाईंच्या पायरीवर येऊन बसली होती.

कोठडीत धुळाचं तोंड फुटलं होतं, तळपाय सुजले होते. पोलिसांनी तळहात तेवढे धड ठेवले होते.

खुनाच्या जागी एक तुटकी डहाळी मिळाली. पानं हातभर, शेंड्याला गोल, खालून राखी. तुटलेलं टोक शाईसारखं काळं.

“पळस,” भाऊसो म्हणाले. “टोक जळलंय.”

“पळसाची पानं तीन-तीन एका देठावर. ही एकेकटी आहेत.”

गुऱ्हाळावर चुलाण पेटवणाऱ्या बिराप्पाचे डोळे सुजून मिटले होते. सरपणात कुणीतरी टाकलेलं ओलं दांडकं त्यानं आत सारलं होतं. धूर लागला, एवढंच त्याला ठाऊक.

बाळाबाईंचा धाकटा अर्जुन पलटणीतून रजेवर आलेला; त्याचे दोन्ही हात फडक्यात. खून झाला तेव्हा तो गुऱ्हाळावर होता म्हणे, आणि उकळता रस हातांवर उडाला.

संध्याकाळी बाळाबाईंच्या अंगणात, उंब्रजच्या फौजदारासमोर, लीलाबाईंनी बाळाबाईंच्या डबीतला बिबा पाटावर ठेवला.

“हा सगळे ओळखतात. आणि याचं पान?”

त्यांनी डहाळी ठेवली.

“बिबा घरोघर असतो. झाड नदीकाठच्या मळईतल्या माणसानं पाहिलेलं नसतं. चीक सुकला की टोक काळं पडतं. परीट यानंच कपड्यावर खूण करतो. अंगाला लागला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात. जाळला तर धुरानं डोळे सुजतात, ते बिराप्पाला विचारा. धुळा डोंगरातला, तो या फांदीला शिवणार नाही. त्याचे हात धड आहेत. मारणाऱ्यानं हाताला आली ती फांदी मोडली, आणि मारून झाल्यावर दांडकं गुऱ्हाळाच्या सरपणात टाकलं. अर्जुना, पोळल्यावर आग होते. तुला तर खाज सुटलीय.”

अर्जुनानं वळचणीतला कोयता ओढला. भाऊसोंची काठी मनगटावर बसली, हाड वाजलं. फडकं सुटलं. तळहातभर काळे डाग, वर पाणी भरलेले फोड.

“वाटणी मागत हुतो. त्यानं थोबाडीत मारली,” तो एवढंच म्हणाला.

बाळाबाई उठल्या, त्याच्या हातावर पदर टाकला, आणि वळून म्हणाल्या,

“धुळाला सोडा, सायब. माझ्या लालाला माझ्या अर्जुनानं मारला.”