मर्व्ह केसेलची रायफल

डेस ट्रेझाइझने आयुष्यात शेकडो बंदुका गाडीतून नेल्या होत्या. बहुतेक मेलेल्या माणसांच्या. एखादा म्हातारा मेंढपाळ गेला आणि त्याच्या बायकोकडे परवाना नसला, की मिंगेरी पोलीस ठाण्याची सार्जंट रोझली वुकोविच डेसलाच फोन करायची. मग डेस जायचा, चहा प्यायचा, मेलेल्याबद्दल दोन बरे शब्द बोलायचा आणि बंदूक कुलपात घालून ठाण्यात आणून द्यायचा.

म्हणून मे महिन्यातल्या त्या मंगळवारी टालारूला, केसेलांच्या मळ्यावर, जायला निघताना त्याला काहीच वेगळं वाटलं नाही. मर्व्ह केसेल एप्रिलमध्ये गेला होता. डेसने त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता. आता फक्त त्याची रायफल आणायची होती.

ही रायफल मात्र डेसने कधी पाहिली नसली, तरी त्याच्या चांगलीच ओळखीची होती. नवा परवाना घेणाऱ्यांचा वर्ग तो गेली तीस वर्षं घेत होता आणि दर वर्गाला तिचीच गोष्ट सांगत होता. चौऱ्याहत्तर साली मर्व्ह आणि त्याचा भाऊ क्लेम कुंपण दुरुस्त करून घरी येत होते. सीटमागे भरलेली रायफल होती. तिसरं फाटक उघडायला मर्व्ह खाली उतरला, क्लेमने गाडी पुढे घेतली, चाक खड्ड्यात आदळलं आणि रायफल आपोआप उडाली. गोळी क्लेमच्या डोक्यात मागून शिरली आणि समोरची काच फोडून बाहेर गेली. सगळं मर्व्हच्या डोळ्यांदेखत झालं.

"म्हणून सांगतो," डेस शेवटी म्हणायचा, "गाडीत रायफल रिकामी. बोल्ट काढून वेगळ्या कुलपात. काडतुसं तिसऱ्याच कुलपात. कंटाळा आला, तर क्लेम केसेलला आठवा."

उना केसेल व्हरांड्यात उभीच होती. वय शहात्तर, पण पाठ ताठ. क्लेमशी तिचं लग्न ठरलेलं होतं, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. तो गेल्यावर दोन वर्षांनी तिने मर्व्हशी लग्न केलं. त्यावर कोणी फारसं बोलत नसे.

रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढून ठेवलेली होती. डेसने नळी तपासली, काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट ओढून काढला आणि एका पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. उना टक लावून बघत होती.

"तो काढला की ती उडत नाही?"

"अगं, बोल्टशिवाय रायफल म्हणजे लोखंडी काठी. हिने फार तर कुत्रं हाकलशील."

"मर्व्हही तेच म्हणायचा," उना म्हणाली. "बोल्ट उशाशी घेऊन झोपायचा. चाळीस वर्षं. तरी कपाटातून आवाज यायचा..."

"कसला?"

"जाऊ दे. म्हातारीचं काय ऐकतोस. केक खा."

केक खाऊन त्याने रायफल लांब पेटीत घातली, पेटी सीटमागे साखळीने बांधली आणि काडतुसांचा डबा मागच्या हौद्यात कुलूपबंद केला. उना गाडीच्या खिडकीशी आली.

"डेस, तिसऱ्या फाटकाशी उतरू नकोस. उघडं असलं तर सरळ निघून जा."

"आणि बंद असलं तर?"

"बंद नसेल," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारचे तीन वाजले होते. आभाळ निळंभोर, वारा नाही. दोन्ही बाजूंना करडं खुरटं झुडूप आणि मधून जाणारी लाल मातीची वाट. पहिल्या फाटकाशी डेस उतरला, फाटक उघडलं, गाडी पलीकडे नेली, परत येऊन फाटक लावलं. फाटक उघडं टाकून जायचं नाही, हा त्या मुलखाचा कायदा. उनाचं बोलणं आठवून तो स्वतःशीच हसला.

दुसऱ्या फाटकाची साखळी लावून तो वळला, तेवढ्यात गाडीतून आवाज आला.

खट्... खटाक.

डेस जागच्या जागी थबकला. हा आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलल्याचा आवाज. काडतूस आत बसल्याचा.

तो सावकाश गाडीशी आला. साखळी जागेवर. लांब पेटीचं कुलूप जागेवर. पत्र्याची पेटी उघडून बघितली, तर बोल्ट फडक्यात गुंडाळलेला, तसाच. फक्त फडक्याला हात लागताच त्याने तो झटकन मागे घेतला. बोल्ट गरम होता.

"उन्हाने तापला," तो मोठ्याने म्हणाला. पेटी सीटखाली सावलीत होती, हे त्याला ठाऊक होतं.

पुढचे सहा मैल त्याने काचा उघड्या ठेवल्या, तरी गाडीत बंदुकीच्या जळक्या दारूचा वास साठत गेला. इतका वेळ डोक्याभोवती भुणभुणणाऱ्या माश्या कधी गप्प झाल्या ते कळलंच नाही. मानेवर, केसांच्या खाली, एका जागी त्याला सारखं थंड वाटत होतं. परत जावं का? पण परत जाऊन उनाला काय सांगणार? साठी उलटलेला, लोकांना बंदुकीचे धडे देणारा माणूस रिकाम्या नळीला भ्याला?

तिसरं फाटक लांबूनच दिसलं. उघडं होतं.

आणि ते धरून एक माणूस उभा होता.

अंगात खाकी सदरा, डोक्यावर रुंद टोपी. उन्हाच्या झळांत त्याचे पाय दिसत नव्हते. डावा हात फाटकावर, उजवा खांबाआड. त्याने मानेनेच खुणावलं, ये, ये पुढे. डेसने सवयीने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्याला रामराम केला आणि गाडी हळू केली. शेजाऱ्यांपैकी असेल कोणी, असं वाटून त्याला जरा धीर आला.

चाळीस पावलांवर आल्यावर टोपीखालचा चेहरा दिसला.

मर्व्ह केसेल. पण पंचविशीतला.

डेसचा पाय ब्रेकवर दाबला गेला. त्या माणसाने खांबाआडचा हात बाहेर काढला आणि लांबडं काहीतरी अगदी शांतपणे खांद्याला लावलं. त्याच क्षणी डेसच्या मानेमागे, कुलपात, साखळीत...

खट्... खटाक.

डेसने शेजारच्या सीटवर स्वतःला झोकून दिलं. बार झाला. काचेचा चुरा त्याच्या पाठीवर सांडला.

तो किती वेळ तसाच पडून होता कोण जाणे. माश्या पुन्हा भुणभुणू लागल्या तेव्हा त्याने मान वर केली. फाटक उघडं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. तो गाडी पळवत बाहेर पडला, आणि जन्मात पहिल्यांदाच फाटक न लावता गेला.

ठाण्यात सार्जंट वुकोविचने त्याला आधी पाणी दिलं. मग स्वतःच्या हाताने सगळी कुलपं उघडली. बोल्ट पेटीत होता. डब्यातली काडतुसं जशीच्या तशी होती. तिने टेबलावरच्या रायफलच्या नळीला नाक लावलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"डेस, खरं सांग. वाटेत उडवलीस?"

"रोझली, कशाने उडवू? बोल्ट तर पेटीत आहे!"

ती बाहेर जाऊन गाडी बघून आली. परत आली तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता.

"मागून उडाली असती तर काच बाहेर पडली असती. सगळा चुरा आत आहे. गोळी तुझ्या सीटच्या उशीत रुतलीय. समोरून आली ती... फाटकाकडून."

डेस खुर्चीवर बसला. क्लेम गाडी चालवत होता. फाटकाशी मर्व्ह उभा होता. रायफल सीटमागे होती, हे सांगणारा त्या दिवशी एकच माणूस जिवंत उरला होता. आणि त्याचं ते खोटं डेसने तीस वर्षं, दर वर्गात, जसंच्या तसं पोरांना शिकवलं होतं.

त्याने टालारूचा नंबर फिरवला.

"उना... पोचली रायफल. इथे माझ्यासमोर आहे."



"वाकलास ना वेळेवर?" उनाने विचारलं. "क्लेमला वाकायला सुचलं नव्हतं."

"तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या रात्री सांगितलं त्याने मला. झोपेत. तूही त्या दिवशीच्या मर्व्हसारखं तिसरं फाटक उघडंच टाकून गेलास ना?"

"उना, दार लावून घे. आम्ही निघालोच..."

"आता काय लावायचं. त्या उघड्या फाटकातून गाडी आली अंगणात." तिचा आवाज कुजबुजण्याइतका बारीक झाला. "दोघं उतरलेत, डेस. दोघंही तरणे... बंदूक कोणाच्या हातात आहे ते मात्र इथून दिसत नाही."