ओल्या मातीतला तहानलेला झेंडू

मैथिलीचा पारा सकाळीच चढला होता. चढणार नाही तर काय! पाडवा तोंडावर आलेला, "यंदा गुढीची माळ माझ्याच झेंडूची" असं ती शाळेभर सांगून बसलेली, आणि टेरेसवरच्या पाचही कुंड्यांतली रोपं माना टाकून उभी. माती तर चिंब ओली! पाणी असूनही झाड तहानल्यासारखं सुकतं, हा काय चमत्कार?

"ठोंब्या!" ती कडाडली.

घरातला यंत्रमानव धडपडत आला. त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण मैथिलीनं त्याचा ठोंब्या करून टाकला होता.

"मेल्या, काय केलंस माझ्या झाडांना?"

"तू सांगितलंस तेच. पानं सुकली की पाणी, आणखी सुकली की आणखी पाणी. माती ओली आहे, असं मी रोज म्हणत होतो. तू म्हणालीस, तोंड मिट."

मैथिलीला मिरची झोंबली. "मग आता उघड तोंड!"

ठोंब्यानं कोपऱ्यातल्या, रोप नसलेल्या कोरड्या मातीच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. भराभर बुडबुडे वर आले.

"ही हवा," तो म्हणाला. "मातीच्या कणांमधल्या फटींत ती असते. तिथूनच मुळं श्वसन करतात (प्राणवायू वापरून अन्नातून शक्ती मिळवतात). पाणी शोषायचं काम या शक्तीवर चालतं. फटी पाण्यानंच भरून राहिल्या, की..."

"मुळं गुदमरतात!"

"आणि गुदमरलेली मुळं पाणी ओढत नाहीत. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं."

"पण जास्तीचं पाणी तळाच्या भोकातून जातं ना?" मैथिलीनं कुंडी आडवी केली. भोक पांढऱ्या सिमेंटनं गच्च बुजवलेलं होतं.

"बाबाऽऽ!"

बाबा दाढीचा फेस पुसत आला. "अगं, खालच्या सबनीसकाकूंच्या कुरडयांवर तुझं गढूळ पाणी गळलं. त्यांनी सोसायटी डोक्यावर घेतली. म्हटलं, रोजची कटकट नको."

"म्हणून माझ्या झाडांचं नाक बुजवलंस? मला विचारायचं तरी! खाली परात ठेवता आली असती!" रागानं तिचा आवाज फाटला.

ठोंब्यानं रोपं उपसली. चार रोपांची मुळं तपकिरी, लिबलिबीत, घाण वास मारणारी निघाली. पाचव्याची थोडी मुळं मात्र अजून पांढरी होती. बाबानं सिमेंट फोडलं, ठोंब्यानं ते रोप ताज्या मातीत पुन्हा लावलं आणि बाबानं परातीत विटा मांडून त्यांवर कुंडी ठेवली. म्हणजे पाणी परातीत गळेल, कुंडी त्यात बुडणार नाही.

"हे जगेल?" मैथिलीनं विचारलं.

"जगू शकेल."

"पाडव्याला फूल?"

"नाही."

तिनं मेलेली चार रोपं कचऱ्यात भिरकावली.

पाडव्याला गुढीवर बाजारातली माळ चढली. मैथिलीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती कुंडीपाशी गेली. रोपानं मान उचलली होती, शेंड्याला कोवळं पान फुटलं होतं. तिनं लगेच तांब्या उचलला.

"खाली ठेव!" ठोंब्या गरजला. बाबा दचकला.

"माझ्यावर ओरडतोस?"

"हो! आधी मातीत बोट घाल!"

मैथिलीनं बोट खुपसलं. आत ओल होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली, "फूल येईपर्यंत असाच ओरडत राहा."