दहाचा पाना

भर दुपारी तो मोटरसायकल ढकलत आमच्या दुकानापाशी आला. शर्ट पाठीला चिकटलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"बंद पडलीय," तो धापा टाकत म्हणाला.

"ते दिसतंय. स्टार्टर दाबल्यावर आवाज काय येतो?"

"काहीच नाही... एकदम गप्प."

आत खुर्चीत बसलेल्या बाबांनी मान हलवली. नजर गेल्यापासून ते गाड्या कानांनीच तपासायचे. टकटक आली तर बॅटरी बघ, एकदाच टक झालं तर रिले बघ, काहीच नाही तर आधी स्विच. मी हँडलवरचं लाल बटण बघितलं. बंद! ते चालू केलं, स्टार्टर दाबला, आणि गाडी सुरू झाली.

"कुठून ढकलत आणलीत?"

"शाळेपासून. दोन किलोमीटर."

गिऱ्हाइकाला हसू नये, पण मला आवरेना. "काय शिकवता शाळेत, सर?"

"भूगोल."

"नशीब, रस्ता तरी नाही चुकलात!"

तोही हसला. चष्मा वर सरकवून त्याने माझ्याकडे असं काही बघितलं, की माझ्या हातातला टेस्टर खाली पडला. बाबांना ऐकू गेलं असणार.

आठ दिवसांनी तो परत आला. या वेळी खरंच टकटक येत होती. सीट काढली, तर बॅटरीच्या निगेटिव्ह वायरचा बोल्ट सैल. मी दहाच्या पान्याने आवळला.

"एवढंच?" तो वाकून बघत म्हणाला.

"एवढंच. हा सैल झाला की सगळं ठप्प."

"आणि हा... दहाच्याच पान्याने निघतो?"

"का हो, शाळा सोडून दुकान टाकताय?"

"छे! सहज विचारलं."

पुढच्या मंगळवारी गाडी पुन्हा बंद. पुन्हा तोच बोल्ट. या वेळी त्याच्या कडांवर ओरखडे होते, स्वस्तातला पाना घसरला की पडतात तसे. माझ्या हातून असा ओरखडा कधी पडत नाही. म्हणजे... अगं बाई! माझे कान गरम झाले. मी मान खाली घालून बोल्ट आवळला.

"आता किती दिवस टिकेल?" त्याने विचारलं.

"ते चालवणाऱ्यावर आहे."

"मग... मंगळवारपर्यंत टिकेल बहुतेक."

त्या आठवड्यात मी नखांतलं ग्रीस रॉकेलने तीनदा धुतलं. आरशात बघून हसले. मला तो आवडला होता, इतका की मंगळवार येईपर्यंत दम निघेना. आणि मंगळवार आला तो दुकानात गर्दी घेऊन.

तेव्हा दुकान नुकतंच माझ्या हातात आलं होतं. मुलगी काय वायरिंग करणार, म्हणून निम्मी गिऱ्हाइकं तुटलेली. त्यात बाबांचा एक नियम होता. एकच गाडी त्याच दुखण्यासाठी परत परत आली, तर दोष गाडीत नाही, आपल्या हातात. हा नियम सगळ्यांना पाठ. तो गाडी घेऊन दारात उभा राहिला, आणि बाबांचे जुने गिऱ्हाईक असलेले ट्रकवाले काका मोठ्याने म्हणाले, "पुन्हा हीच गाडी? बाबांच्या हाताची गोष्टच वेगळी होती बुवा. पोरीला नाही जमायचं."

बाबांचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं.

"बोल्ट सुटलेला नाही!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "यांनी सोडलाय! हे बघा ओरखडे. काढा सर, बॅगेतला पाना काढा!"

त्याने बॅग उघडली. वह्यांच्या गठ्ठ्याखालून पाना निघाला, दहाचा, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला. गर्दी खो खो हसली. काका तर डोळे पुसायला लागले.

तो लाल झाला, पण चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. पाना माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "चूक माझी. यांच्या कामात काही खोट नाही."

मी स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट असा आवळला की आयुष्यात सुटू नये. तो गेला.

जाऊन चार शब्द बोलायला मला काय झालं होतं? शाळा दोन किलोमीटरवर! पण उद्या जाऊ, उद्या जाऊ, करत महिना घालवला. गेले, तर शिपाई म्हणाला सरांची बदली झाली. दुकानाचं नाव झालं. बाबा खूश. मंगळवार मात्र मला नकोसा झाला.

तीन वर्षांनी तीच गाडी ढकलत एक मुलगी आली. मी नंबरवरूनच ओळखली.

"दादाची गाडी," ती म्हणाली. "आता मला दिलीय. म्हणाला, सुरू झाली नाही तर याच दुकानात जा. त्यांच्यासारखं काम कुणाचं नाही."

"कसे... कसे आहेत सर?"

"मजेत!"

स्टँडच्या स्विचमध्ये चिखल भरून गाडी अडली होती, पाच मिनिटांचं काम. तरी मी सीट काढली. तो बोल्ट होता तसाच, माझा वॉशर घातलेला. टेबलाच्या खणातून मी त्याचा पाना काढला... आणि बोल्ट दोन आटे सैल केला. ही परत येईल. कदाचित तोच घेऊन येईल. आला तर गर्दीसमोर माफी मागेन, अगदी काकांना बोलावून आणून मागेन. छाती अशी धडधडत होती की बाबांना ऐकू जाईल असं वाटलं.

मी सीट बसवली. मुलीने हेल्मेट चढवलं आणि हसत म्हणाली, "बरं झालं, पटकन झालं. दादा ही कुणाला देतच नव्हता. शेवटी वहिनी म्हणाली, आता आपण तिघं होणार, या गाडीवर कसे मावणार?"

तिने किल्ली फिरवली.

"थांबा," मी म्हणाले. "उतरा जरा."

"का? काही राहिलं?"

"एक बोल्ट," मी म्हणाले. सीट पुन्हा काढली आणि त्याच्याच पान्याने तो गच्च आवळला. मग तिला म्हटलं, "आता बटण दाबा."

गाडी लगेच सुरू झाली.