गाईला पाणघोड्याचं कळत नाही

पाणघोडेवाल्याशी माझं लग्न ठरलं आहे.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. कळलेलं न कळल्यासारखं करणं हे माझं पगारी काम आहे. दहा मिनिटं तुम्ही फुकट करून बघा.

तर, माझं लग्नबिग्न काही ठरलेलं नव्हतं आणि मी खेळण्यांच्या दुकानात गाय शोधत होते. हातात घालून बोलवायची, कापडी. जुन्या गाईचा जबडा मुलांनी लाडालाडात उपटला होता. बाहेर पाऊस पडत होता. प्रेमकथेत लागतो म्हणून नाही, खरंच पडत होता. आणि आडोशाला आत शिरलेला एक लांबुडका तरुण उजव्या हातात पाणघोडा घालून त्याच्याशी काहीतरी गंभीर बोलत होता.

“तुमची गाय जरा खप्पड वाटते,” पाणघोडा मला म्हणाला.

“बाळंतपण झालंय तिचं,” मी म्हणाले.

“अरे वा! काय झालं?”

“वासरू. तुम्हाला काय वाटलं?”

“नाही, हल्ली काही सांगता येत नाही…”

आधी पाणघोडा हसला, मग तो. त्याच्या भुवईवर पावसाचे दोन थेंब अडकले होते. ते त्याने पाणघोड्याच्या कानाने पुसले. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी हललं. बहुतेक मन असावं. तपासून घेतलं नाही.

अर्धा तास आम्ही बोललो, शुद्ध मराठीत. पाऊस थांबला, तो पाणघोडा घेऊन गेला, मी गाय घेऊन गेले. कुणी कुणाला नाव विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बालवर्गाच्या मोठ्या बाई एका लांबुडक्या माणसाला घेऊन आल्या. “हे नवे इंग्रजीचे दादा.” दादांच्या हातात तोच पाणघोडा. त्याचे डोळे लखलखले, आणि तो आनंदाने इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

मी त्याच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं.

इलाज नव्हता. आमच्याकडे चार-चार वर्षांची चौदा मुलं आणि दोन भाषा. गाय फक्त मराठी बोलते, पाणघोडा फक्त इंग्रजी. गाय माझ्या हातात, म्हणून मलाही मराठीच येतं, त्याला इंग्रजीच. मुलांसमोर एकमेकांचं एक अक्षरही कळल्याचं दाखवायचं नाही. कारण मूल हुशार असतं. एका भाषेत काम भागतंय म्हटल्यावर ते दुसरीच्या वाटेला जात नाही. त्यामुळे गाईचा निरोप पाणघोड्याला द्यायचा तर मुलांनीच इकडचं तिकडे करायचं. (त्याचं बोलणं मी इथे मराठीत देतेय. कामाच्या वेळात मला ते कळत नसे, आता फावल्या वेळात कळतंय.)

आधीच्या दादाची करंगळी कपाटाला आपटली आणि तो “आई गं!” म्हणून ओरडला. चौदा माना वळल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी इंग्रजीत पाणीही मागेना. महिनाअखेर त्याला नारळ मिळाला. नवा दादा तीन महिने उमेदवारीवर होता. सापडला, की गेला.

शाळा सुटल्यावर बोलायचं की, असं तुम्ही म्हणाल. पण माझी भाची याच वर्गात, आणि मी राहते ताईकडे. भाची माझं बोट धरून येते आणि माझं बोट धरून जाते. तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिने एकदा दुपारच्या झोपेविरुद्ध दीड तास बाजू मांडली होती. शेवटी ताईच झोपली. चिठ्ठी द्यावी, तर चौदा मुलांच्या खोलीत कागद दिसला की कात्रीखाली जातो. फोन नंबर? तो मागणार इंग्रजीत, आणि मला तर कळत नाही.

मग आम्ही कामाच्या वेळेतच, कामाच्या रीतीने…

“पाणघोडा काय म्हणतो गं?” मी वकीलबाईंना विचारायची.

“तो म्हणतो, गाईचा ड्रेस छान आहे.”

“गाईने कुठे ड्रेस घातलाय?”

“तेच मी म्हटलं त्याला. पण तो तुझ्याकडे बघत होता.”

“बरं… त्याला सांग, गाय लाजली.”

तिने निरोप पोचवला आणि वर पदरचं जोडलं की गाई लाजत नाहीत, त्यांना माश्या चावतात. मी ओठ आवळून धरले. इंग्रजी विनोदावर हसायला मला बंदी होती. त्या तीन महिन्यांत मी इतकं हसू गिळलं की डबा अर्धा परत जायचा.

वर्गात एक खरा ससाही होता. त्याच्या पिंजऱ्याची वाटी बदलायची पाळी आमच्या दोघांची. वाटी देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर एक क्षण जास्त रेंगाळायची—कधी दोन. बोटांबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा वाचून खात्री केली.

पण मी न कळल्याचं सोंग फारच चोख वठवत होते. इतकं, की हळूहळू त्याला ते खरं वाटायला लागलं. पाणघोडा गप्प गप्प राहू लागला. ड्रेसबद्दल बोलेनासा झाला.

उमेदवारीच्या शेवटच्या आठवड्यातला गुरुवार. मोठ्या बाई मागे, मुलांच्या चिमुकल्या खुर्चीत, गुडघे हनुवटीशी घेऊन वही उघडून बसलेल्या. जमिनीवर निळी चादर, म्हणजे तळं. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने पाणघोडा हातात चढवला आणि माझ्या गाईकडे बघत इंग्रजीत बोलायला लागला.

दुसऱ्या गावच्या तळ्यातून पाणघोड्याला बोलावणं आलं होतं. तिथे पाणी कायमचं होतं, इथे अजून नक्की नव्हतं. उद्या उत्तर द्यायचं होतं. त्याला जायचं नव्हतं. “पण इथे एक गाय आहे,” पाणघोडा म्हणाला. “पाऊस होता तेव्हा ती माझ्याशी बोलली. नंतर… तिला मी आवडत नसेन, तर गेलेलंच बरं.”

मला शब्दन् शब्द कळला. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला अभिनय मी सगळ्यात वाईट वेळी केला. कळलं म्हणावं, तर मोठ्या बाईंसमोर नियम मोडणार आणि त्याची नोकरी जाणार. नाही म्हणावं, तर तोच जाणार.

“वकीलबाई,” मी कसंबसं म्हणाले, “पाणघोडा काय म्हणतो?”

“नाही सांगणार.”

“अगं, गाईला कळत नाही ना!”

“गाईला नसेल कळत. तुला कळलंय. तुझे कान बघ!”

चौदा जणांनी माझे कान बघितले. पाठोपाठ मोठ्या बाईंनी.

“आम्हाला पहिल्यापासून माहितीये, मावशी. तू घरी फोनवर इंटरनेटवाल्यांशी इंग्रजीत भांडतेस.”

“आणि दादा सशाशी मराठीत बोलतो,” एक चष्मेवाली म्हणाली. “रोज.”

“काय बोलतो?” मी जरा घाईनेच विचारलं.

“की हसू दाबलं की गाईवाल्या ताईचं नाक हलतं, अगदी सशा, तुझ्यासारखं. असं सशाला म्हणतो.”

पाणघोड्याचं तोंड उघडंच राहिलं. दादाचंही.

“मग इतके दिवस कुणी बोललं का नाही?”

“तुम्हाला हा खेळ आवडतो ना,” वकीलबाई मला समजावत म्हणाल्या, “म्हणून आम्ही खेळतो. पण आता तूच सांग त्याला. मी नाही पोचवणार.”

मी हातातली गाय काढून चादरीवर ठेवली. हाताला एकदम गार वाटलं.

“जाऊ नकोस,” मी म्हणाले.

“कोण… पाणघोडा?” तो मराठीत म्हणाला. तीन महिन्यांनी.

“पाणघोडा गेला तरी चालेल. तू थांब.”

“कायमचा?”

“तळं लहान आहे. चालेल?”

“चालेल की… तसंही मला पोहता येत नाही.”

तो हसला, मी हसले, आणि माझं नाक हललं असावं, कारण चष्मेवालीने बोट दाखवलं.

मोठ्या बाईंचं पेन हवेतच थांबलं होतं. त्यांनी मुलांना इंग्रजीत विचारलं, आत्ता इथे काय झालं? चौदाच्या चौदा जणांनी एकाच वेळी इंग्रजीत सांगितलं, माझी नाचक्की होईल इतक्या तपशिलात. मग कुणी राहून जायला नको म्हणून तेच सगळं मराठीत.

बाईंनी वहीत लिहिलं: ‘नियम पूर्णपणे मोडला. मुलांच्या दोन्ही भाषा उत्तम. दादांना कायम करावे.’

“मग उद्यापासून आम्ही…?” मी विचारलं.

“उद्यापासून तुम्हाला एकमेकांचं काहीही कळत नाही,” त्या खुर्चीतून स्वतःला सोडवत म्हणाल्या. “मुलांचा हिरमोड करायचा नाही.”

त्याच संध्याकाळी मी त्यांना अर्ज दिला. त्याची प्रत पुढे जोडली आहे.

प्रति,
मोठ्या बाई, बालवर्ग

विषय: गुरुवार पुन्हा भरवण्याबाबत

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आज अकरा वाजून दहा मिनिटांनी पाणघोड्याने केलेले निवेदन अर्जदार कामावर हजर असल्याने तिला अधिकृतपणे कळू शकले नाही. तरी सदर गुरुवार त्याच खोलीत, त्याच चौदा मुलांसह, मुले वयाने एक दिवसही मोठी न होता, पुन्हा एकदा भरवण्यात यावा, जेणेकरून अर्जदारास ते पहिल्यांदाच आणि वेळेवर कळेल, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
गाय