नरडाण्याच्या घरातलं दुसरं लॉगिन

पटलं नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचंही नाही. पण गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात नरडाण्याला माझ्या माहेरी, हे घडलंय.

रात्री नाही. भर दुपारी.

माझा मोठा भाऊ प्रेमराजदादा दिवाळीआधी अपघातात गेला. आई आधीच नव्हती. वडिलांनी, नानांनी, खाट धरली आणि बोलणं सोडलं. मला पुण्याची नोकरी सांभाळून त्यांच्याजवळ राहायचं होतं.

साहेबांची अट सरळ होती. त्या दिवशी तीन ते पाच, घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन एकदाही न तुटता चालवून दाखव. नाहीतर सोमवारी पुण्यात ये. पुण्याला आखाजीची सुट्टी नसते.

आणि माझा लॅपटॉप सकाळीच बंद पडला.

उरला दादाचा जुना कॉम्प्युटर. त्याला विंडोज झेपेना म्हणून दादाने त्यावर लिनक्स टाकलं होतं. तो नानांच्याच खोलीत होता.

दादाची ही पहिली आखाजी. मी त्याच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मग चुलीतल्या विस्तवावर पुरणपोळीचा घास, पितरांची आगारी, टाकली आणि त्याचं नाव घेतलं. हे काम मुलाचं. पण मुलगाच गेला होता.

आई म्हणायची, नाव घेतलं की माणूस येतो, जेवतो आणि जातो. त्या दिवशी पुन्हा नाव घ्यायचं नाही.

सव्वादोनला मी कॉम्प्युटर सुरू केला. व्हीपीएन जुळेना. ऑफिसचे नेटवर्कवाले गिरधर फोनवर होते. ते म्हणाले की मशीनची तारीख चुकलीय, मागची आहे, म्हणून सर्व्हर नाकारतोय. तारीख बदलायचा अधिकार फक्त दादाच्या खात्याला होता. पासवर्ड मला माहीत होता.

मी त्याचं नाव टाइप केलं.

घाईत माझ्या लक्षातच आलं नाही.

तारीख बदलली. व्हीपीएन जुळलं. मला इतकं बरं वाटलं...

दोन मिनिटांत तुटलं.

पुन्हा जोडलं. पुन्हा तुटलं.

गिरधर वैतागले. "मॅडम, तुमच्या नावाने दोन ठिकाणांहून जोडणी येतेय. एक आली की दुसरी तुटते. घरातला दुसरा कॉम्प्युटर बंद करा."

घरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला...

नाना बोलत होते. हळू आवाजात. भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. पाऊस, विहीर, बैल, असलं काहीतरी. मधे थांबायचे, ऐकल्यासारखे, आणि चक्क हसायचे.

सहा महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होते.

लाईट होती, पण पंखा थांबला होता. तरी खुर्चीवरचा टॉवेल हलत होता...

गिरधरनी एक कमांड सांगितली. मशीनवर कोण कोण बसलंय ते दिसतं म्हणे. मी ती टाइप केली. दोन ओळी आल्या. दोन्हींत दादाचं नाव.

एक अडीचची. ती मी.

दुसरी बारा चाळीसची.

बारा चाळीसला कॉम्प्युटर बंद होता. बारा चाळीसला मी आगारी टाकत होते.

"ते दुसरं सेशन बंद करा," गिरधर म्हणाले. "एका ओळीचं काम आहे. तीनला पाच मिनिटं राहिलीत."

मी कमांड लिहिली. बोट एंटरवर ठेवून बसले. मागे नाना कुणाला तरी रस वाढू का विचारत होते. मी खूप घाबरले होते. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला ती नोकरी हवी होती.

मी एंटर दाबलं.

खुर्ची करकरली...

पंखा सुरू झाला. नानांचा आवाज थांबला.

पाचपर्यंत व्हीपीएन एकदाही तुटलं नाही. साहेबांनी घरून काम मंजूर केलं. मी खुशीत वळले, नानांना सांगायला.

नाना माझ्याकडेच बघत होते.

"त्याले काबर उठाडं तू?" त्यांनी विचारलं.

मी आजही नरडाण्यालाच राहते. त्यांच्याचसाठी राहिले. रोज त्यांच्या खाटेजवळ बसून काम करते.

त्या दिवसापासून नाना माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.